माठ गार होतो तिथं हा पंखा चालतो: टाकीवरच्या क्लिप फॅनची परीक्षा

एप्रिल लागला की अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात काउंटरवर एक छोटा खोका दिसू लागतो. आत एका पट्टीत बसवलेले दोन, तीन किंवा चार चिमुकले पंखे, टाकीच्या काचेला पकडणारा स्क्रूचा क्लॅम्प आणि १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर. खोक्यावरचं नाव काहीही असो, आतला माल बहुतेक एकाच घडणीचा असतो. या फॅनबद्दल विचारलं की दोन प्रकारची उत्तरं येतात. एक म्हणतो, 'जादू आहे, पाणी पाच अंशांनी उतरलं.' दुसरा म्हणतो, 'पैसे पाण्यात गेले.' दोघंही खरंच बोलत असतात. पहिला बहुधा पुण्याचा, नाशिकचा किंवा नागपूरचा असतो, आणि दुसरा मुंबईचा नाहीतर रत्नागिरीचा.

हा फॅन पाण्यावर गार हवा सोडत नाही. तो खोलीतलीच गरम हवा पाण्याच्या पृष्ठभागावरून पळवतो. पाण्याची वाफ होते आणि ती जाताना टाकीतली उष्णता घेऊन जाते. म्हणजे माठाचंच काम, फक्त मोटर लावून. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४३० किलोज्यूल उष्णता लागते. दोन फुटी टाकीत (६० × ३० × ३६ सेंमी) दगड-माती वजा जाता साधारण ५५ लिटर पाणी राहतं. त्यातलं एक लिटर उडालं, तर उरलेलं पाणी दहा अंशांनी उतरावं एवढी उष्णता निघून जाते. अर्थात तेवढ्या वेळात काचेतून, दिव्यातून आणि फिल्टरच्या मोटरीतून उष्णता आत येतच असते, म्हणून प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही.

म्हणून विकत घेण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: तुमच्या घरात माठातलं पाणी गार होतं का? होत असेल तर फॅन चालेल. माठातलं पाणी नुसतं 'बरं' लागत असेल तर फॅनही नुसता बराच वाटेल.

आकड्यांत बघायचं असेल तर साध्या डिजिटल थर्मामीटरच्या सेन्सरला मलमलचं ओलं फडकं गुंडाळा आणि तो टेबलफॅनसमोर दहा मिनिटं धरा. आकडा उतरत उतरत एका जागी थांबेल. हे वेट बल्ब तापमान. कितीही पंखे लावले तरी टाकी या आकड्याच्या खाली जाणार नाही. चांगला बसवलेला फॅन पाणी या आकड्याच्या दोन ते चार अंश वर आणून ठेवतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा ३८ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर हा आकडा २३ च्या आसपास येतो. नागपूरला ४४ अंश आणि २० टक्क्यांना २५. मुंबईत मे महिन्यात हवा फक्त ३३ अंश असते, पण आर्द्रता ७० टक्के असली की आकडा २८ वर जाऊन बसतो. नागपूरच्या भट्टीत टाकी २८ वर राहते आणि मुंबईच्या 'फक्त ३३'मध्ये ती ३० च्या खाली यायला तयार होत नाही, त्याचं कारण हे. तरी मुंबईत फॅन अगदी फुकट जातो असं नाही. दिव्याखाली ३३ वर गेलेली टाकी ३० वर आली तर ते तीन अंश माशांच्या लेखी फार मोठे असतात. फक्त दुकानदारानं २५ चं स्वप्न दाखवलं तर ते घेऊ नका.

विदर्भात, खानदेशात एक समज पक्का आहे की डेझर्ट कूलर चालू असलेल्या खोलीत या फॅनचा उपयोग होत नाही, कारण हवा आधीच दमट असते. हे अर्धं खरं आहे. कूलर हवा गार करतो आणि दमट करतो, पण खिडकी उघडी असेल तर वेट बल्ब जवळपास तिथल्या तिथंच राहतं. उलट खोली गार झाल्यानं काचेतून आत येणारी उष्णता कमी होते. टाकी आहे तितकीच किंवा थोडी जास्तच गार राहते, आणि पाणीही कमी उडतं. बिघडतं ते खिडक्या-दारं बंद करून कूलर आतलीच हवा फिरवत ठेवला की. मग दमटपणा साचत जातो, वेट बल्ब वर चढतं आणि टाकीही त्याच्या मागोमाग चढते. मुंबईकरांसाठी यातली सोय एसीत आहे. एसी हवा कोरडी करतो. २८ अंशांवर ठेवलेल्या बेडरूममध्ये आर्द्रता ५० टक्क्यांपर्यंत आली तर तिथं हा फॅन पुण्यासारखा चालतो. एसी बंद झाला की पुन्हा मुंबई.

आता बसवण्याबद्दल, कारण 'चालत नाही' म्हणून परत आलेल्या निम्म्या फॅनची गोष्ट इथंच असते.

टाकीवर काचेचं झाकण ठेवून कडेला फॅन लावला तर वाफ आतच कोंडते. झाकण निदान अर्धं तरी उघडं हवं. बेट्टा, किली, हॅचेटफिश असे उड्या मारणारे मासे असतील तर झाकणाऐवजी मच्छरदाणीची जाळी ताणून लावा. वारं थोडं अडतं, पण मासा सकाळी फरशीवर सापडत नाही. फॅन पाण्यापासून पाच ते आठ सेंटीमीटर वर आणि सुमारे ३० ते ४५ अंश तिरका असावा, म्हणजे हवा पृष्ठभाग घासत लांबवर जाते. सरळ खाली तोंड केलं तर एकाच जागी खळगा पडतो आणि बाकीचं पाणी निवांत राहतं. फॅन लांबीच्या एका टोकाला लावून वारं दुसऱ्या टोकाकडे जाऊ द्यावं. दोन फुटी टाकीला दोन पंख्यांची पट्टी पुरते, तीन फुटीला चारची. चार फुटीला एकच मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन टोकांना दोन पट्ट्या लावलेल्या बऱ्या.

क्लॅम्प हा या वस्तूचा सगळ्यात कच्चा भाग. स्क्रूच्या टोकाला रबराची टोपी असते. ती पहिल्या उन्हाळ्यातच सुकून गळते आणि मग उघडं प्लास्टिक किंवा धातू थेट काचेच्या कडेवर दाबला जातो. ५ मिलीमीटर काचेच्या, वर पट्टी नसलेल्या टाकीवर तर स्क्रू बोटांनी जेमतेम घट्ट होईल इतकाच आवळा. मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातला तर थरथर काचेत उतरत नाही आणि आवाजही निम्मा होतो.

आवाजाचं सांगायचं तर नवा फॅन झोपायच्या खोलीत सहन होतो. दुसऱ्या मोसमात मात्र घरघर सुरू होते. यांत बहुतेक साधे स्लीव्ह बेअरिंग असतात आणि सतत वाफेवर राहून त्यांतलं तेल सुकतं. मागचा स्टिकर हळूच उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, बोटानं पातं फिरवा आणि स्टिकर पुन्हा चिकटवा. पुढचे काही महिने निघतात. पात्यांवर क्षारांचा पांढरा थर बसतो, तो व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसानं पुसून घ्या. दुकानात लावून बघताना आवाजापेक्षा अ‍ॅडॅप्टरवर लक्ष द्या. त्यावर १२ व्होल्ट आणि निदान १ अ‍ॅम्पिअर छापलेलं असावं, आणि अर्ध्या तासानं हात लावल्यावर तो कोमट असावा, चटका बसता कामा नये. अ‍ॅडॅप्टर अशक्त असला की चार पंख्यांतला एक रेंगाळायला लागतो आणि दोष पंख्याच्या माथी येतो.

हाताला सवय असेल तर याच पैशांत याहून चांगली सोय होते. संगणकाचा १२० मिलीमीटरचा, बॉल बेअरिंगचा १२ व्होल्ट पंखा घ्या आणि तो ९ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालवा. मोठं पातं सावकाश फिरतं, हवा तितकीच देतं आणि आवाज जवळपास येत नाही. टेकू म्हणून अ‍ॅल्युमिनियमची एल-पट्टी पुरते. दिसायला खोक्यातला फॅन नेटका, कामाला हा सरस.

फॅनइतकीच, किंबहुना त्याहून जास्त गरजेची वस्तू म्हणजे तापमान बघून तो चालू-बंद करणारा कंट्रोलर. कोरड्या गावात हा फॅन रात्रभर बेलगाम चालला तर दुपारी २९ असलेलं पाणी पहाटे २३ वर येतं. दिवसाला असा सहा अंशांचा झोका बसला की आठवड्याभरात टेट्रा माशांच्या अंगावर व्हाइट स्पॉट रोगाचे पांढरे दाणे दिसू शकतात. उन्हाळ्यात टाकी सारखी २८ वर राहिलेली परवडते, रोज २३ आणि २९ मध्ये हेलकावणारी परवडत नाही.

सगळीकडे मिळतो तो एसटीसी-१००० नावाचा चौकोनी मॉड्यूल. तो स्वस्त आहे आणि काम चोख करतो, पण जोडताना जवळपास प्रत्येक जण एकाच ठिकाणी फसतो. मागच्या टर्मिनलांत १ आणि २ वर वीज, ३ आणि ४ वर सेन्सर, ५ आणि ६ हीटिंगचे, ७ आणि ८ कूलिंगचे. या ७-८ मधून वीज बाहेर येत नाही. तो नुसता स्विच आहे. फेजची वायर ७ ला आणून द्यायची आणि ८ मधून फॅनच्या अ‍ॅडॅप्टरच्या सॉकेटला न्यायची. न्यूट्रल थेट सॉकेटला. हे न कळल्यामुळे 'मॉड्यूल खराब' म्हणून परत करणारे पुष्कळ असतात.

सेटिंगसाठी एस बटण तीन सेकंदांहून जास्त दाबून ठेवा. एफ१ हे हवं ते तापमान, २७.५ ठेवा. एफ२ हा फरक, ०.५ ठेवा, म्हणजे पाणी २८ ला गेलं की फॅन सुरू होईल आणि २७.५ ला थांबेल. एफ३ हा कॉम्प्रेसरसाठीचा थांबा, मिनिटांत. फॅनला १ पुरे, पण पुढे चिलर (फ्रिजसारखं पाणी गार करणारं यंत्र) जोडलात तर ३ किंवा अधिक ठेवा. एफ४ दुरुस्तीसाठी असतो: भरवशाच्या थर्मामीटरशी ताडून जो फरक दिसेल तो इथं भरायचा. किंमत बदलताना एस दाबून धरूनच वर-खालीचा बाण दाबावा लागतो, आणि शेवटी पॉवरचं बटण एकदा टिचकावलं तरच सेटिंग जपलं जातं. नुसतं सोडून दिलं तर दहा सेकंदांनी मॉड्यूल सगळं विसरतो. सेन्सर फिल्टरच्या प्रवाहाजवळ, दिव्याच्या थेट झोतापासून दूर ठेवा. त्याच्या टोकाची सील काही नगांत कच्ची असते, तेव्हा पाण्यात सोडण्याआधी तिथं अ‍ॅक्वेरियम सिलिकॉनचा एक थर देऊन चोवीस तास सुकवा. आणि सेन्सर टाकीतून निसटून बाहेर पडला तर मॉड्यूल खोलीचं तापमान पाण्याचं समजून फॅन अखंड चालवत राहतो, म्हणून सक्शन कप अधूनमधून बघत जा.

पाण्याशेजारची वीज आहे. अ‍ॅडॅप्टर आणि मॉड्यूल टाकीच्या पातळीखाली मोकळे ठेवू नका. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी झोळासारखी खाली सोडून मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. घराच्या बोर्डात ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर फॅनचे पैसे आधी तिकडे वळवा.

पाण्याच्या घटीबद्दल खोक्यावर एक अक्षर नसतं, आणि झाडांच्या टाकीत मुख्य दुखणं तेच. खोलीपेक्षा पाच अंश खाली राहायला दोन फुटी टाकीला दिवा आणि फिल्टर धरून सुमारे ५० वॅट उष्णता सतत बाहेर टाकावी लागते. चोवीस तास तसंच चाललं तर दिवसाला पावणेदोन लिटर पाणी उडेल. रात्री खोली उतरते आणि दिवा बंद असतो, म्हणून प्रत्यक्षात एक ते दीड लिटर धरा. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. ती घट रोज ३०० टीडीएसच्या (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यानं भरली तर ५५ लिटरच्या टाकीत रोज आठएक अंकांची भर पडते आणि पाणी बदललं नाही तर महिन्यात २४० च्या पुढे. मग क्रिस्टल रेडसारखे श्रिंप (टाकीत पाळायच्या चिमुकल्या कोळंब्या) कात टाकताना अडकतात, काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरी कड धरते आणि दोष 'उन्हाळ्या'वर जातो. घट भरायला आरओचं पाणी वापरा, आठवड्याचा पाणीबदल नेहमीच्या पाण्यानं करा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही क्षारमुक्त असतं म्हणून काही जण तेच ओततात. ते करू नका. ते पाणी तांब्याच्या नळ्यांवरून आणि धुळीवरून आलेलं असतं, आणि श्रिंपला तांबं अगदी थोडंही पुरतं.

झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्यांचा आणखी एक हिशेब बिघडतो. वाऱ्यानं पृष्ठभाग हलतो आणि गॅस निसटतो. ड्रॉप चेकर (पाण्यातल्या गॅसचं प्रमाण रंगावरून दाखवणारी कुपी) हिरव्याचा निळा झाला की थेंबांची गती वाढवा, पण फॅन चालू असताना वाढवलेला गॅस फॅन थांबल्यावर जास्त होतो हे लक्षात ठेवा. दुपारभर फॅन चालू-बंद होत राहिला तर गॅसची पातळीही वर-खाली होते, आणि काळ्या केसांसारख्या शेवाळाला तेच हवं असतं. सोपा उपाय वेळेचा आहे: दिवा आणि गॅस दुपारच्या तापातून काढून संध्याकाळी ५ ते ११ कडे न्या. दिव्याची उष्णता खोलीच्या उष्णतेवर चढत नाही आणि फॅनलाही कमी पळावं लागतं.

पृष्ठभाग हलण्याचा फायदा माशांना मिळतो. २५ अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ७.६. मावतो कमी आणि मासे-जिवाणू खातात जास्त. त्यातच ८ सामूच्या (पीएच) पाण्यात एकूण अमोनियापैकी विषारी अमोनियाचा वाटा २५ अंशांना ५.४ टक्के असतो, तो ३० ला ७.५ होतो. म्हणून मे महिन्यात खाणं कमी टाका आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली नव्हे, टाकीच्याच पाण्यात धुवा. झाडांपैकी व्हॅलिसनेरिया आणि क्रिप्टोकोरिन ३० अंशांची फारशी पर्वा करत नाहीत. मॉस तपकिरी पडायला लागतं, 'क्युबा' नावाच्या बुटक्या झाडाचा गालिचा मुळापासून सुटतो, जावा फर्नवर काळे डाग येतात. या झाडांसाठी मुंबईत नुसता फॅन पुरणार नाही.

मग पर्याय कोणते? बर्फाच्या बाटल्या बहुतेक जण आधी करून बघतात. एक लिटरची गोठलेली बाटली टाकीत तरंगत सोडली तर ती सुमारे ४५० किलोज्यूल उष्णता शोषते, म्हणजे ५५ लिटर पाणी दोन अंशांनी उतरतं. वरच्या ५० वॅटच्या हिशेबानं ती पुण्याई अडीच तासांत संपते. वीज गेल्यावर एका दुपारपुरतं ठीक, रोजचा मार्ग म्हणून नाही. पेल्टियरचे (कॉम्प्रेसरशिवाय, विजेच्या चकतीनं गार करणारे) छोटे 'चिलर' घेऊ नका. ७० वॅट वीज खाऊन ते टाकीतून जेमतेम २५-३० वॅट उष्णता काढतात आणि सगळी मिळून त्याच खोलीत ओततात. कॉम्प्रेसरचा खरा चिलर मात्र दमट हवेला जुमानत नाही, २४ म्हटलं की २४. तो फॅनच्या कितीतरी पट महाग असतो, शंभर-दोनशे वॅट वीज घेतो आणि मागून गरम हवा फेकतो. लाकडी कॅबिनेटमध्ये कोंडला तर स्वतःचीच गरम हवा ओढून दमतो. निदान एक वीत मोकळी जागा चारही बाजूंनी हवी. १५० वॅटचा चिलर दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला ५४ युनिट. १० वॅटचा फॅन तेवढाच चालला तर साडेतीन युनिटच्या आसपास.

भारनियमन असलेल्या गावात फॅनची एक खुबी चिलरकडे नाही: तो १२ व्होल्टवर चालतो. वायफाय राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस याला तसाच बसतो. पिनचा आकार आणि अ‍ॅम्पिअर तेवढे जुळवून घ्या. ६ वॅटचा दोन पंख्यांचा फॅन त्यावर तीन-चार तास निघतो. फक्त कंट्रोलरला घरची वीज लागते, म्हणून वीज गेली तर फॅन यूपीएसला थेट जोडायचा.

गुण द्यायचे तर कोरड्या गावात, कंट्रोलरसह: पाचपैकी साडेचार, अर्धा क्लॅम्पसाठी कापला. कोकणपट्टीत, एसीशिवाय: अडीच. कंट्रोलर न घेता नुसता फॅन: कुठेही दोनच्या वर नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला की फॅन उतरवा, पाती पुसा, तेलाचा थेंब सोडा आणि कोरड्या पिशवीत ठेवा. पण माळ्यावर टाकू नका, ऑक्टोबरच्या उन्हात तो पुन्हा लागतो.